नोकरी गेली, पण हातातलं काम राहिलं का?



परवा विहिरीवरची मोटर जळाली. जालन्याला न्यायची गरज पडली नाही. पुतण्यानं वाइंडिंग भरलं, दुसऱ्या दिवशी मोसंबीला पाणी सुरू.

हा पुतण्या आन माझा पोरगा एमआयडीसीत एकाच सळईच्या कारखान्यात होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दोघांचंही काम गेलं. पुतण्या आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन. पोरगा सात वर्षं रोलिंगवर, लालभडक सळई चिमट्यानं धरून पुढं द्यायचा. जोखमीचं काम, म्हणून पगार पुतण्यापेक्षा जास्त. पण मिलच्या बाहेर त्या कामाला गिऱ्हाईक नाही. आज पुतण्या पहिल्याइतकं कमावतो, पोरगा रोजंदारीवर निम्मंच.

मी पोराला आळशी म्हणलो होतो. ते चुकलं माझं. कष्टात तो कमी नव्हता. त्याचं कसब एकाच दाराचं होतं, आन ते दार बंद झालं.

हे नवं नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार होते. ज्याला माग चालवता येत होता त्यातले काही भिवंडीच्या पॉवरलूमवर गेले, पगार कमी पण काम तेच. बाकी कित्येकजण गावाकडं परतले नाहीतर हमाली, फेरीवाला असं मिळेल ते करू लागले.

आता आपल्या बायाबापड्यांकडं बघा. १९६४ ला बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको काढली, तवापासून आपल्याकडं बीजोत्पादन रुजलं. संध्याकाळी कळी सोलायची, सकाळी पराग लावायचा. कपाशीत शिकलेला हात भेंडीत चालतो, वांगी-टोमॅटोतही लवकर बसतो. एकाचा प्लॉट बंद पडला तर दुसऱ्याच्या शेडनेटमध्ये काम मिळतं. मजुरी अजून कमीच आहे, ते वेगळं भांडण. पण हात रिकामा राहत नाही.

म्हणून माझं मत असं. पोरगं नोकरीला लागलं की आपण फक्त पगार विचारतो. त्यासंगं हेही विचारा, "तिथं असं काय शिकतोस जे दुसरीकडं चालंल?" शिकलेल्याचा कागदही घ्यायला सांगा. दाखला नसला की नवा मालक नवख्याचाच रोज देतो.

कृषी विभागातल्या आन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांना इनंती. कारखान्यातून परतलेल्या पोरांसाठी पंप, ठिबक आन ट्रॅक्टर दुरुस्तीचे वर्ग घ्या. माझा पोरगा पहिल्या बाकावर बसंल.

तुमच्या गावात कोणाचं काम गेलं, आन त्याला कशानं तारलं? लिहा.