‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याच्या पुढे

वसतिगृहातील मूल कबड्डीच्या मैदानावर आपटते, क्षणभर भांबावते आणि उठून पुन्हा खेळू लागते. रक्त आले तर धावपळ, नाही तर ‘मुका मार’ म्हणून विषय संपतो. परंतु मेंदूला बसणारा हादरा, ज्याला डॉक्टर कंकशन म्हणतात, तो बहुधा रक्ताविनाच असतो. डोकेदुखी, मळमळ, घडलेले न आठवणे, उजेड सहन न होणे, वाचनात लक्ष न टिकणे ही त्याची लक्षणे कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात, आणि शिक्षक त्याला आळस समजून रागावतात.

रुग्णालयाच्या अपघात विभागात पोहोचल्यावर पहिली मागणी होते ती सीटी स्कॅनची. कंकशन मात्र सीटीत दिसत नाही. स्कॅन असतो तो रक्तस्राव व कवटीचा तडा शोधण्यासाठी. २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर अमेरिकेतील ४२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांवरील मुलाची शुद्ध हरपली नसेल, उलटी वा तीव्र डोकेदुखी नसेल, वागण्यात फरक नसेल, कवटीच्या तळाला तडा गेल्याची खूण नसेल आणि मार फार जोराचा नसेल, तर स्कॅन टाळता येतो, असे त्यातून सिद्ध झाले. धडगाव-मोलगीकडील मुलाला घाट उतरून नेण्यापूर्वी हे सहा प्रश्न ग्रामीण रुग्णालयातच विचारता येतात. त्यांना यंत्र लागत नाही, विचारणारा माणूस लागतो. एखादे लक्षण आढळले तर मात्र तेथे वेळ दवडू नये, १०८ बोलवावी.

तातडीचा उपचार ही कुणाची मेहेरबानी नव्हे. १९९२ मध्ये बंगालमधील हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर जखमी झाला. खाट नाही, साधने नाहीत असे सांगत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परतवले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, असा उपचार वेळेवर न देणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे. डोक्याच्या दुखापतीवरूनच हा हक्क स्पष्ट झाला, हे आमच्या पालकांनी लक्षात ठेवावे.

आमच्या मते खरी उणीव आहे ती रुग्णालयातून घरी पाठवण्याच्या घटकेची. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढे शब्द घेऊन मूल परतते. आई-वडील सातपुड्यातील पाड्यावर, मूल वसतिगृहात. मग रात्री पाहावे कुणी आणि काय? केसपेपरवरील इंग्रजी अक्षरे अधीक्षकालाही लागत नाहीत. म्हणून प्रत्येक अपघात विभागाने सोप्या मराठीत छापलेले एक पान द्यावे आणि तेच भिली, पावरी, मावची बोलीत तोंडी समजावावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, उठवूनही नीट जागे न होणे यांपैकी काहीही घडले तर तत्काळ परत या, हे त्यात असावे. तपासणीनंतर मुलाला झोपू द्यायला हरकत नसते, हेही असावे; रात्रभर जागे ठेवण्याचा अट्टहास आपल्याकडे अजून आहे. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू हालचाल आणि अभ्यास; आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कबड्डी-कुस्ती नाही. पहिला हादरा भरून येण्याआधी बसलेला दुसरा अधिक घातक ठरू शकतो.

निवासी शाळांकडेही बोट वळते. मुलासोबत एखाद्या थोरल्या विद्यार्थ्याला पाठवून मोकळे होणे आता थांबावे. जबाबदार प्रौढाने जावे, आणि किती वाजता पडला, किती उंचीवरून, शुद्ध गेली का, किती उलट्या झाल्या हे कागदावर लिहून न्यावे. परतल्यावर ते पान वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि अधीक्षक या तिघांनी वाचून सही करावी. परीक्षा तोंडावर असली तरी त्या मुलाला सवलत मिळावी.

आमचे काही माजी विद्यार्थी आज परिचारिका, डॉक्टर, आरोग्यसेवक आहेत. त्यांनी या एका पानाचा मसुदा करावा आणि आपापल्या बोलीत घरच्या वडीलधाऱ्यांना सांगून पाहावा. जो शब्द आजीला कळला नाही, तो बदलावा.