अहवालामागचे विज्ञान

सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी न्यायसहायक विज्ञानाची ओळख होते ती ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ या एका वाक्यातून. डाळिंबाच्या बागेत फवारणी करून परतलेला माणूस रात्री दगावतो, विहिरीत प्रेत आढळते. शवविच्छेदन होते, मृत्यूच्या कारणाचा रकाना कोरा राहतो आणि मोहोरबंद बरण्या तालुक्याबाहेरच्या प्रयोगशाळेकडे रवाना होतात. मग सुरू होते ती प्रतीक्षा. कीटकनाशक हाताळताना विषबाधा होऊन शेतकरी गेला असेल, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या अपघात योजनेतील दोन लाख रुपयांसाठी त्याच्या वारसांना रासायनिक विश्लेषणाचा अहवाल जोडावा लागतो. अहवालाच्या त्या कागदावर घरची चूल अवलंबून असते. कधी एखाद्या संशयिताचे स्वातंत्र्यही.

अशा ठिकाणी न्यायसहायक विज्ञानातील प्रसिद्ध शोधनिबंधांना पुरस्कार द्यावेत की नाही, हा प्रश्न चैनीचा वाटण्याचा संभव आहे. बरण्यांचा ढीग उपसायला माणसे नाहीत आणि निबंध कसले, असे कोणी म्हटले तर ते रागाने उडवून लावण्यासारखे नाही. तथापि निबंध आणि बरणी यांचा संबंध दिसतो त्याहून निकटचा आहे.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ने सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल, त्याला साक्षीस न बोलावताही, पुराव्यात वाचण्याची मुभा दिली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ने ती कायम ठेवली आहे. न्यायालयाला वाटल्यास तज्ज्ञास पाचारण करता येते. पण एरवी कागदच साक्ष देतो. कागदाची उलटतपासणी कशी करावयाची? त्यामागची पद्धत कोणी तपासली, ती कितीदा चुकते, हे कोठेतरी छापलेले असेल तरच. प्रसिद्ध शोधनिबंध ही या विज्ञानाची खरी उलटतपासणी होय. त्यातच नव्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाची भेट अनिवार्य ठरविली आहे आणि त्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत अवधी दिला आहे. म्हणजे अहवालांचा ओघ वाढणार, हे निश्चित.

ही उलटतपासणी टाळली की काय घडते, याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपी विद्यार्थिनीस शिक्षा सुनावताना मेंदूतील विद्युत्लहरींवरून ‘अनुभवजन्य ज्ञान’ ओळखणाऱ्या चाचणीचाही आधार घेतला. हे तंत्र स्वतंत्र शास्त्रज्ञांनी तपासून मान्य केलेले नव्हते. जगभरच्या वैज्ञानिकांनी भुवया उंचावल्या. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीविना करण्यास मज्जाव केला. प्रयोगशाळेतून न्यायालयात जाताना नियतकालिकाची पायरी गाळली गेली, ती अशी महागात पडली.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही पुण्याचेच आहे. डॉ. अनंत चिंतामण लागू खटल्यात, १९५६ साली मृत्यू पावलेल्या एका विधवेच्या व्हिसेऱ्यात रासायनिक विश्लेषकास विष सापडलेच नाही. तरीही परिस्थितिजन्य पुराव्यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या डिसेंबरात बहुमताने शिक्षा कायम केली; न्या. सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. विष सापडले नाही, याचा अर्थ विष नव्हते असा घ्यावयाचा की ते शोधण्याची रीत अपुरी होती असा? आज सांगोल्याच्या एखाद्या बरणीबद्दलही हाच प्रश्न संभवतो. उन्हाळ्याच्या तापमानात अमुक कीटकनाशक कुजत्या ऊतकांत किती दिवस टिकते, परिरक्षकात त्याचे काय होते, हे कोणी चिकाटीने अभ्यासून प्रसिद्ध केल्याखेरीज या प्रश्नाला उत्तर नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा या अभ्यासाची निकड सर्वांना दिसली होती.

सन्मानांचा आपल्याकडे सर्वस्वी अभाव आहे असे नाही. २०२४ पासून दिल्या जाणाऱ्या केंद्रीय गृहमंत्री दक्षता पदकात न्यायसहायक विज्ञानास स्थान आहे. परंतु पदक मिळते ते कर्तबगार सेवेला. पोलीस संशोधन व विकास विभागाची गोविंद वल्लभ पंत यांच्या नावाची योजना ग्रंथांना पुरस्कार देते, तेही हिंदीतील. ब्रिटनमध्ये या शास्त्राच्या व्यावसायिक संस्थेचा पी. डब्ल्यू. ॲलन पुरस्कार तिच्या नियतकालिकातील उत्कृष्ट निबंधास मिळतो. भेद बारीक वाटेल, पण तो मूलभूत आहे: सेवेचे पदक गुन्हा उकलल्याबद्दल असते, निबंधाचा पुरस्कार इतरांना तपासता येईल असे काही मांडल्याबद्दल असतो. पहिल्यात यशाचाच गौरव होतो; दुसऱ्यात ‘ही पद्धत विश्वासार्ह नाही’ असे सिद्ध करणाराही मानकरी ठरू शकतो.

आणि श्रेय नोंदविण्याच्या बाबतीत या देशाने निष्काळजी राहावे, हे विशेष खटकते. बोटांच्या ठशांचे पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघाले. ठशांच्या वर्गीकरणाचे गणित बसविण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. पण १९०० साली ग्रंथ निघाला तो एडवर्ड हेन्रीच्या नावाने, आणि पद्धतीलाही जगाने नाव दिले ते हेन्रीचेच. (त्या दोघांच्या नावाने पुढे संशोधन पारितोषिक ठेवले, तेही इंग्लंडमधल्याच ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने!) ज्याने छापले त्याचे झाले.

महाराष्ट्राचे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय १९५८ पासून कार्यरत आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे या विषयाच्या शासकीय शिक्षणसंस्थाही आहेत. राज्याने स्वतःचा वार्षिक पुरस्कार सुरू करावा, एवढी ऐपत निश्चित आहे. मात्र रोख रक्कम व शाल-श्रीफळ देऊन भागणार नाही. दिवसभर नमुने हाताळणाऱ्या विश्लेषकास लेखनासाठी महिना-दोन महिने मोकळीक मिळाली, तर ती रकमेपेक्षा मोलाची ठरेल. निवडसमितीवर पोलीस अधिकाऱ्यांचीच गर्दी नसावी. बाहेरचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि आरोपीची बाजू लढविणारा एखादा अनुभवी वकील हवा. गाजलेल्या खटल्याशी संबंध असणे ही पात्रता मानू नये. निबंध इंग्रजीत असण्यास हरकत नाही, पण पुरस्कृत निबंधाचा मराठी सारांश तालुक्याच्या वकील संघांना आणि ग्रामीण रुग्णालयांना धाडावा. सांगोल्याचा वकील उद्या अहवाल हाती घेऊन न्यायाधीशांसमोर उभा राहील, तेव्हा कोणत्या पद्धतीने तपासणी केली आणि तिची मर्यादा किती, एवढे तरी त्याला नेमके विचारता येईल.