साक्षात्काराची कथा आणि समीक्षेची पळवाट

कलावंताला स्वतःच्याच कृतीविषयी होणाऱ्या आकस्मिक साक्षात्काराची कथा समीक्षेला फार प्रिय असते. कारण ती विश्लेषणाच्या जबाबदारीतून समीक्षकाची परस्पर सुटका करते. वासिली कँडिन्स्कीचे उदाहरण घ्यावे. म्युनिकमधील स्टुडिओत, तिन्हीसांजेच्या प्रकाशात, एका अनोळखी चित्राने तो थक्क झाला. ते त्याचेच, आडवे टेकवलेले चित्र निघाले. आणि वस्तुरूपे आपल्या चित्रांना बाधक ठरतात, हे त्याला उमगले. अमूर्त चित्रकलेचा उगम या क्षणात शोधण्याची जणू प्रथाच पडली आहे.

परंतु ही हकिकत येते ती कँडिन्स्कीच्या १९१३ च्या आत्मकथनात. म्हणजे त्याची दिशा निश्चित झाल्यानंतर. दुसऱ्या दिवशीच्या उजेडात तो प्रत्यय पुरता परतला नाही, हेही तो तेथेच नोंदवतो. त्यानंतरही घोडेस्वार, डोंगर, नौका त्याच्या चित्रांत वर्षानुवर्षे रेंगाळत राहिल्या. १९१३ मधील ‘कॉम्पोझिशन सात’ हे भव्य चित्र चार दिवसांत रंगले खरे. पण त्यामागे तीसहून अधिक पूर्वाभ्यास होते. डोळा आधीच घडलेला नसता, तर त्या संध्याकाळी फक्त एक चुकीचे ठेवलेले चित्र दिसले असते.

मम्मटाने काव्यनिर्मितीसाठी शक्ती, निपुणता आणि अभ्यास सांगितले. ‘हेतु’ हा शब्द मात्र एकवचनी ठेवला. मराठी समीक्षा बहुधा त्यांतील शक्ती तेवढी उचलते आणि उरलेल्या दोहोंना कारागिरी म्हणून बाजूस सारते. साक्षात्काराचा क्षण नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो क्षण कशामुळे शक्य झाला, हे सांगणे समीक्षेचे काम आहे. तेच टाळले, तर उरते ती केवळ चरित्रकथा.