जीटीला टायर घ्यायचेत? आधी माळशेज आठवा!

टायरवर लिहायचा पहिला हक्क फॉर्म्युला स्टुडंटच्या टीमचा. ते बिचारे वर्षभर वर्कशॉपमध्ये पडीक असतात. पण दुसरा हक्क माझा, कारण मी डिंगोऱ्याचा. आमच्या गावावरून कल्याण-नगर हायवे जातो आणि जून लागला की रविवारी सकाळपासून पुण्याच्या गाड्या माळशेजला निघालेल्या दिसतात. आळेफाट्याला डावीकडे वळायचं, ओतूर, मग आमचं डिंगोरे, पुढे मढ, आणि मग घाट. गाडी कुठली हे आवाजावरून ओळखायचा खेळ आम्ही लहानपणापासून खेळतोय. अलीकडे मी गाडी बघतच नाही, टायर बघतो. आणि जे दिसतं त्याने डोकं फिरतं!

आता स्पोर्ट्स कार म्हटल्यावर कुणी पोर्शे वगैरे डोळ्यांपुढे आणेल. आपल्यापैकी कुणाला कॅम्पसमधून पोर्शेचं पॅकेज मिळालं तर अभिनंदन, पण बाकीच्यांची स्पोर्ट्स कार म्हणजे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. आपल्या चाकणला बनायची. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस. भारतातलं पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, त्यामुळे आता मिळते ती सेकंड हॅण्ड, आणि बऱ्याचदा तिच्याबरोबर येतात गोटा झालेले टायर. म्हणजे पहिला पगार, सेकंड हॅण्ड जीटी आणि लगेच चार टायरचा खर्च, असा हा क्रम. आपले सीनियर हमखास इथेच गंडतात.

दुकानात गेलं की संवाद ठरलेला. "साहेब, ओरिजनल साइझ बारीक दिसते. सोळाचे अलॉय टाका, २०५ चे टायर बसवा, गाडीचा लूकच बदलेल." सोबतचा मित्र लगेच म्हणतो, "अरे टाक ना, ग्रिप पण वाढेल!" माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. लूकबद्दल मी बोलत नाही, ज्याची त्याची आवड.

थोडं गणित करू. (कॉम्पवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मग व्हायव्हाला आम्हाला विचारू नका.) गाडी आणि चार मित्र मिळून साधारण १४०० किलो, म्हणजे एका चाकावर ३५०. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा. वजनाला दाबाने भागा. रस्त्याला टेकलेली रबराची जागा येते जेमतेम १५० ते १६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटांसकट एक पंजा. साइडवॉलही थोडं वजन उचलते, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे, पण मुद्दा तोच. टायर रुंद केला म्हणून हा पंजा फारसा मोठा होत नाही, त्याचा आकार बदलतो. लांबट होता तो आखूड आणि आडवा होतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा आहे, मान्य. पण पाणी साचलेल्या रस्त्यावर त्याच पंजाला समोरचं जास्त रुंद पाणी बाजूला सारावं लागतं, आणि तेही कमी वेळात.

ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. याचं एक जुनं सूत्र आहे, नासाच्या हॉर्न यांचं, विमानाच्या टायरवरून काढलेलं. दाबाचं पीएसआयमधलं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉट्समध्ये. ३२ पीएसआयला येतात ताशी ९४ किलोमीटर. हवा २४ वर आली असेल तर ८२. हा हिशोब नक्षी संपलेल्या टायरचा किंवा नक्षीपेक्षा खोल पाण्याचा. चांगल्या नक्षीचा टायर त्याच्याही पुढे टिकतो. आता ओतूर ते मढ रस्ता आठवा. घाटाच्या मानाने सरळ, त्यामुळे काटा ९० ला कधी टेकतो ते कळतही नाही. गाणी चालू, मागचे दोघे कणीस खातायत, आणि समोर डबकं. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं की समजायचं, पुढची चाकं रस्त्यावर नाहीत.

बरं, आमच्याकडचा पाऊसही चमत्कारिक. आळेफाट्याला धूळ, डिंगोऱ्याला भुरभुर, मढच्या पुढे धो धो आणि घाटात धुकं. हे सगळं एका तासात. त्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर काळी माती रस्त्यावर सोडून जातो, आणि ती भिजली की साबण! हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या. रात्री जुन्नरचा सुप्रसिद्ध बिबट्याही रस्ता ओलांडतो, आणि तो इंडिकेटर देत नाही. फॉर्म्युला वनवाल्यांचं बरं असतं. कोरड्याला स्लिक, थोड्या पावसाला हिरव्या पट्ट्याचे, जास्त पावसाला निळ्या पट्ट्याचे, आणि बदलायला वीसेक माणसं. आपल्याला एकच सेट बारा महिने. मग तो कुठल्या दिवसासाठी घ्यायचा? कोरड्या दिवशी साधा टायरही निभावून नेतो. फरक पडतो तो त्या ओल्या ब्रेकला. म्हणून पावसात धरणारा टायर आधी, बाकी सगळं नंतर.

मग बघायचं काय? साइझ कंपनीचीच ठेवा. १५ इंची रिमवाल्या जीटीला १८५/६० होते, म्हणजे साइडवॉल १११ मिलिमीटर. त्याऐवजी १६ चं रिम आणि २०५/४५ घेतलात तर उरते ९२. ते गेलेले १९ मिलिमीटर म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यातली गादी होती. रंग उडालेला एखादा स्पीडब्रेकर रात्री अंगावर आला की अलॉय वाकतं, नाहीतर टायरच्या बगलेला फुगा येतो. त्या फुग्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही, सरळ नवा टायर.

नक्षीत रुंद, सलग उभ्या खाचा हव्यात. काही टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या ठरावीक रस्त्यावर १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी तुलना करून तो काढतात. आकडा कमी तर रबर बहुधा मऊ, पकड चांगली, आयुष्य कमी. पण आकडा कंपनीच देते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका. एकदम १०० किंवा २०० चे ट्रॅकवाले टायर तर घेऊच नका. त्यातल्या बऱ्याच टायरना आधी तापावं लागतं आणि खाचा मोजक्याच. माळशेजच्या धुक्यात ते तापणार कधी? स्पीड रेटिंगचं विनाकारण कौतुक आहे. एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. कंपनीने दिलंय त्याच्या खाली जाऊ नका, वर गेलात तर हरकत नाही.

तारीख मात्र बघाच. साइडवॉलवर चार आकडे असतात. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. "शेवटचा सेट आहे, खास डिस्काउंट" असं ऐकू आलं की खाली वाका आणि ते आकडे वाचा. इम्पोर्टेड टायरचं तर वेगळंच. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे परवाना लागायला लागला. तेव्हा मोठ्या स्पोर्ट्स कारवाल्यांची हव्या त्या साइझसाठी पळापळ झाली. जो टायर फुटल्यावर आठवडाभरात परत मिळणार नाही, तो कितीही भारी असला तरी आपल्या कामाचा नाही.

आणि पैसे दोनच टायरचे असतील तर? इथे गॅरेजवालेही चुकतात. पोलोला पुढची चाकं ओढतात, म्हणून नवे पुढे टाकतात. टायर कंपन्या नेमकं उलट सांगतात, नवे मागे. पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जायला लागते, वेग कमी केला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते. घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना फिरायला जागा नसते. कायद्याने कारला १.६ मिलिमीटर नक्षी चालते, पण पावसाळ्याआधी ३ च्या खाली आली असेल तर मी तरी त्या गाडीत बसणार नाही.

राहता राहिले जुने टायर. दुकानदार त्याचे चारशे-पाचशे देतो म्हणतो, आणि तेच गोटे उद्या कुणाच्या तरी टॅक्सीला लागतात. त्यापेक्षा डिक्कीत टाका आणि माळशेजला जाताना डिंगोऱ्याला थांबा. आमच्याकडे मुरघासाच्या ताडपत्रीवर वजनाला टायर कायम कमीच पडतात. बदल्यात चहा माझ्याकडून.