कळफलक कोणाच्या पुढ्यात?



शाळेत पुढच्या वेळी संगणकाचा तास असेल तेव्हा एक साधे निरीक्षण करा. बहुतेक शाळांत एका संगणकासमोर दोघे-तिघे बसतात. त्यांपैकी कळफलक कोणाच्या पुढ्यात आहे आणि वही-पेन्सिल कोणाकडे आहे, एवढेच टिपून ठेवा. निरीक्षणाआधी मत बनवू नये असा नियम आहे, म्हणून तुम्हाला काय दिसेल ते मी सांगत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला वर्षानुवर्षे जे दिसत आले ते मात्र असे : मुलगे-मुली एकत्र असलेल्या गटात यंत्र मुलाकडे जाते आणि वही मुलीकडे येते. "तुझे अक्षर चांगले आहे, तू लिही," असे कोणीतरी म्हणते. त्यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही.

माझेच उदाहरण घ्या. एम्.एस्सी.ला आम्हा चौघांत मिळून एक संगणक होता. आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, मी घरून वहीत लिहून नेत असे आणि गटातला एक मुलगा ती टंकित करत असे. चूक निघाली की तो ती शोधून दुरुस्त करी, आणि मी दुरुस्त झालेली आज्ञावली सुवाच्य अक्षरात उतरवून घेई. गुण मला त्याच्याइतकेच मिळाले. पण चुका शोधण्याची सवय त्याला लागली, मला लागली नाही. ती मला पुढे नोकरी करता करता, तिशी उलटल्यावर लावून घ्यावी लागली. याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे शिकवू लागल्यावर पहिली काही वर्षे मीसुद्धा मुलींच्या हाती वहीच दिली.

चुका शोधण्याला मी इतके महत्त्व का देते? प्रोग्रॅमिंगमधला खरा आनंद तिथेच आहे, म्हणून. एक उदाहरण सविस्तर पाहू.

साध्या लंबकाचा प्रयोग तुम्ही केला असेल किंवा पुढे कराल. 'झोका लहान ठेवा' अशी सूचना त्यात असते. एक मीटर लांबीच्या लंबकाला लहान झोक्यात एका दोलनाला सुमारे २.०१ सेकंद लागतात. झोका मोठा घेतला तर काय होईल? त्याचे सूत्र शालेय गणितात बसत नाही. संगणकाला मात्र सूत्राची गरज नाही. त्याला एवढेच सांगायचे : काळाचे ०.०१ सेकंदाचे तुकडे कर. प्रत्येक तुकड्यात लंबक ज्या कोनात आहे त्यावरून त्याचे त्वरण काढ. त्वरणावरून वेग किती बदलला ते काढ. त्या नव्या वेगावरून कोन किती बदलला ते काढ. मग पुढचा तुकडा घे. आठ-दहा ओळींची आज्ञावली होते. (कोन तेवढा रेडियनमध्ये घ्यायचा. येथे पहिल्यांदा सगळेच फसतात.) ६० अंशांवरून सोडलेल्या लंबकाचे उत्तर सुमारे २.१५ सेकंद येते आणि ९० अंशांवरून सोडलेल्याचे सुमारे २.३७ सेकंद. म्हणजे 'झोका लहान ठेवा' ही सूचना कशासाठी होती ते आकड्यांत दिसते.

काही वर्षांपूर्वी अकरावीतली एक मुलगी हीच आज्ञावली लिहीत होती. तिच्याकडून दोन ओळींची अदलाबदल झाली. कोन आधी बदलला गेला, तोही जुन्या वेगाने, आणि वेग नंतर. तिचा लंबक कोणी धक्का न देता दर झोक्याला अधिकाधिक वर जाऊ लागला. दहा अंशांचा झोका दहा सेकंदांत सोळा अंशांवर गेला. "मॅडम, ऊर्जा कुठून येते आहे?" असे तिने विचारले. शेजारी बसलेला मुलगा, "कळफलक इकडे दे, मी करतो," असे म्हणत होता. तिने तो दिला नाही. दोन दिवस ती त्या ओळींशी झटली आणि शेवटी दोष लंबकात नसून आपण काळाचे तुकडे कसे वापरतो यात आहे, हे तिचे तिने शोधून काढले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तिला माझ्या व्याख्यानापेक्षा त्या चुकीने अधिक पक्का शिकवला. कळफलक तिने शेजाऱ्याला दिला असता तर? लंबक पाच मिनिटांत दुरुस्त झाला असता, एवढेच.

काळाचे तुकडे करून गणित सोडवण्याची ही रीत संगणकाहून जुनी आहे, आणि संगणकाच्या इतिहासाच्या आरंभी ती मुलींच्याच हाती होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके हवी होती. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणित शिकलेल्या तरुणी गणनयंत्रांवर हे मार्ग टप्प्याटप्प्याने काढत. एका मार्गाला तीसएक तास लागत. या तरुणींच्या हुद्द्याचे नावच 'कॉम्प्युटर' होते! पुढे तेच काम करण्यासाठी सुमारे १८,००० निर्वात नळ्यांचे 'एनिॲक' हे यंत्र उभारले गेले, तेव्हा १९४५ साली त्यांच्यातल्या सहाजणींना त्यासाठी निवडण्यात आले : के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेट्टी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन. सुरुवातीला गुप्ततेच्या नियमामुळे त्यांना यंत्राच्या खोलीत प्रवेश नव्हता. नुसत्या आकृत्या पाहून त्यांनी यंत्र समजून घेतले. फेब्रुवारी १९४६ मध्ये हे यंत्र जगापुढे आले. ३० सेकंद हवेत राहणाऱ्या तोफगोळ्याचा मार्ग त्याने २० सेकंदांत काढून दाखवला. ती आज्ञावली जेनिंग्ज आणि स्नायडर यांची होती. त्या रात्रीच्या समारंभाच्या जेवणाला मात्र या सहाजणींना बोलावणे नव्हते.

तेव्हा 'हे मुलींचे क्षेत्र नव्हे' हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मग असे वाटू कधी लागले? अमेरिकेची आकडेवारी येथे बोलकी आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास तेथे संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत मुली सुमारे ३७ टक्के होत्या. पंचवीस वर्षांनी त्या १८ टक्क्यांच्या आसपास उरल्या. मुलींची बुद्धी पंचवीस वर्षांत निम्मी होत नाही. झाले असे, की त्याच सुमारास घरगुती संगणक आले, त्यांच्या जाहिराती मुलग्यांसाठी केल्या गेल्या, आणि घरातला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत गेला. कॉलेजात येईपर्यंत मुलाच्या गाठीशी शेकडो तासांचा सराव असे आणि मुलीला वाटे की आपल्याला हे जमत नाही. हा फरक सरावाचा आहे हे ओळखून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने उपाय केला. प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला महत्त्व देणे थांबवले आणि नवशिक्यांसाठी सुरुवातीचे वर्ग वेगळे केले. १९९५ साली तेथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या. २००० साली त्या ४२ टक्के झाल्या.

आपल्याकडे चित्र थोडे निराळे आहे. अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत मुली पुष्कळ दिसतात, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांतल्या कितीजणी बारावीआधी केवळ हौसेने एखादी आज्ञावली लिहून, ती मोडून, पुन्हा जुळवून आलेल्या असतात? माझ्या पाहण्यात फार थोड्या. घरात संगणक एकच असतो, अनेकदा फोनही एकच असतो, आणि संध्याकाळी तो मोकळा झाला की भावाच्या हातात जातो. त्या वेळी ताई स्वयंपाकघरात असते. पालकांनी हे वाक्य वाचले तर बरे.

"आता यंत्रच आज्ञावली लिहून देते, मग शिकायचे कशाला?" असे हल्ली मला मुलेच विचारतात. यंत्र लिहून देते हे खरे आहे. मीही ते वापरते. पण त्याने दिलेला लंबक आपोआप वर चढू लागला, तर हे चुकीचे आहे असे म्हणणारे कोणीतरी लागेल. ज्याने स्वतः चार चुका शोधल्या आहेत त्यालाच ते चटकन खटकते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. संगणकाच्या तासाला दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायला लावा, आणि ज्याच्यापुढे कळफलक नाही त्याने पडद्याला किंवा कळांना हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचे, असा नियम करा. मी हे करून पाहिले आहे. पहिला आठवडा गोंगाटाचा जातो, मुलगे कुरकुरतात, आणि काही मुलीही "मॅडम, मी लिहितेच की," म्हणून वही ओढून घेतात. त्यांची वही थोडा वेळ काढून घ्यावी लागते.

मुलींनो, आता तुमच्यासाठी एक काम. वरची लंबकाची आज्ञावली लिहा. दोऱ्याऐवजी हलकी, ताठ काडी आहे असे माना आणि लंबक थेट १८० अंशांवर, म्हणजे डोक्यावर उभा धरून सोडा. गणिताप्रमाणे तो तसाच उभा राहायला हवा. प्रथम π ची किंमत ३.१४ घेऊन पाहा, मग ३.१४१५९ घेऊन. लंबक दोन्ही वेळा कोसळेल, पण सारख्याच वेळात नाही. का, ते शोधा. आणि शोधताना कळफलक कोणाला देऊ नका.