नदीपलीकडची कॅसेट

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाकडून लेख येणार म्हटल्यावर लसीकरण, बाळाचे वरचे अन्न किंवा पावसाळ्यातले आजार यांपैकी एखादा विषय वाचकांनी गृहीत धरला असेल. त्यांची क्षमा मागून मी एका रॉक गायकाच्या ध्वनिफितीविषयी लिहिणार आहे. हे विषयांतर आहे की नाही, ते वाचकांनीच ठरवावे.

शिवोलीचे रेमो फर्नांडिस हे नाव गोमंतकात कोणाला ठाऊक नाही? जन्म १९५३ सालचा, मुंबईच्या जे. जे. मधून वास्तुकलेचे शिक्षण, काही वर्षे युरोपात भटकंती आणि मग पुन्हा आपला गाव. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम त्यांनी घरीच, चार ट्रॅकच्या साध्या ध्वनिमुद्रकावर तयार केला. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, आवाजही त्यांचाच. कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवण्याचे कामही स्वतःच केले. पुढे ‘जलवा’ चित्रपटामुळे ते देशभर पोचले, २००७ साली पद्मश्रीही मिळाली. ते सारे सर्वश्रुत आहे. मला सांगायचे आहे ते १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’ या अल्बमबद्दल आणि आपल्या पेडणे तालुक्याने त्याचे जे स्वागत केले, किंवा केले नाही, त्याबद्दल.

स्मॅक हे हेरॉईनचे बाजारातले नाव. त्याच्याच अशुद्ध, तपकिरी भुकटीला ब्राऊन शुगर म्हणत आणि मराठीत त्याला ‘गर्द’ हे नाव पडले. चांदीच्या कागदावर ती पूड ठेवायची, खालून काडी लावायची आणि धूर नळीने ओढायचा. सुई नको, सिरिंज नको, म्हणून नवख्याला भीती वाटत नाही. काही आठवड्यांतच शरीर ओलीस पडते. शेवटच्या मात्रेनंतर आठ-बारा तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यातनांचा कळस. मात्रा चुकली तर श्वासच थांबतो. आपणा डॉक्टरांना हे पाठ आहे. परंतु १९८६ साली सामान्य पालकाला त्याची कल्पना नव्हती. अमली पदार्थांविरुद्धचा केंद्राचा कायदाच मुळी १९८५ चा.

त्याच १९८६ साली डॉ. अनिल अवचट यांचे ‘गर्द’ पुस्तक आले आणि ऑगस्टमध्ये पुण्यात, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, अवचट दांपत्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. म्हणजे एकाच वर्षी एकाच विषावर दोन माणसे बोलत होती: एक मराठीत गद्यातून, दुसरा इंग्रजीत गिटारवर. पहिल्याला आपल्या घरांत सन्मानाने स्थान मिळाले. ज्यांच्याकडे वाचनाची आवड होती, त्यांच्या कपाटात ‘गर्द’ असे. दुसऱ्याची कॅसेट मात्र आमच्या वडीलधाऱ्यांच्या लेखी ‘पलीकडचा धांगडधिंगा’ होती. पलीकडचा म्हणजे शापोरा नदीच्या पलीकडचा. चोपड्याहून शिवोलीला फेरीबोटीने जायला किती मिनिटे लागत? पण भजनी सप्ताह आणि दशावतार यांवर पोसलेल्या आमच्या तालुक्याला ती नदी संगीताच्या बाबतीत समुद्राएवढी रुंद होती.

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होतो. म्हापशाच्या दुकानांतून आणि प्रवासी बसगाड्यांतून ही गाणी कानावर पडत. आम्हा मुलांना शब्द निम्मेच कळायचे, ठेका पुरता कळायचा आणि स्मॅक ही टाकून देण्याची वस्तू आहे, एवढे तर निःसंशय कळायचे. हे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नव्हते, घरात सांगण्याचा प्रश्नच नव्हता. आणि ज्या मुलांच्या हाती ती पूड पडण्याचा धोका होता, ती मुले पुस्तकाच्या कपाटाकडे फिरकणारी नव्हती.

या अल्बमचे मोल मला इथे वाटते. रॉक संगीत आणि नशा यांचे नाते जगभर जुने होते. जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन दोघेही १९७० साली सत्ताविसाव्या वर्षी गेले, तरी त्या मरणाभोवतीही एक वलय तयार झाले. हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पींचा काळ रेमोंनी जवळून पाहिलेला. त्या वर्तुळातल्या माणसाने, त्याच सुरांत, ‘हे टाका’ म्हणावे याला जे वजन आहे, ते माझ्यासारख्या स्टेथोस्कोपवाल्याच्या उपदेशाला नाही. माझ्या व्याख्यानात मुले जांभया देतात आणि त्या जांभयांचे निदान करायला एम. डी. लागत नाही.

त्याच सुमाराचे त्यांचे ‘हॅलो राजीव गांधी’ हे गाणे. ते प्रत्यक्ष पंतप्रधानांसमोर गायले गेले आणि त्यांना असे नावाने संबोधणे हा उद्धटपणा असल्याची ओरड झाली. राजीव गांधींनी मात्र नंतर पत्राने पसंती कळवली. खरे तर विठ्ठलाला अरे-तुरे करणाऱ्या अभंगांवर वाढलेल्या समाजाला यात वावगे वाटायचे कारण नव्हते. पण गाणे काय सांगते यापेक्षा ते कोणत्या वेषात आले, याचीच चर्चा आपण अधिक करतो.

गुणगान एकांगी होऊ नये म्हणून एक वैद्यकीय आक्षेपही नोंदवतो. ‘टाकून दे’ हे सांगणे ज्याने अजून हात लावलेला नाही त्याच्यासाठी ठीक; जो अडकला आहे त्याला ते पुरत नाही. व्यसन हा आजार आहे, त्याला औषधे लागतात, समुपदेशन लागते आणि पुन्हा घसरल्यास पुन्हा उभे करणारी माणसे लागतात. ते काम मुक्तांगणाचे. गाण्याकडून प्रतिबंधाची अपेक्षा ठेवावी, उपचाराची नव्हे. लस आणि प्रतिजैविक यांत जो भेद, तोच हा.

आणि प्रतिबंधाची निकड आज आपल्याच दारात आहे. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी ही आता केवळ मासेमारीची गावे राहिलेली नाहीत. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या पठारावर विमाने उतरू लागली. पर्यटनाने तालुक्यात पैसा आला, ही चांगलीच गोष्ट. पण त्याच्या मागोमाग गोळ्या आणि पुड्याही येतात, आणि शॅकवर हंगामी काम करणारा सतरा वर्षांचा मुलगा त्यांच्या वाटेतच उभा असतो. अठरा वर्षांपर्यंतचा मुलगा बालरोगतज्ज्ञाचाच रुग्ण, असे आमचे शास्त्र आता मानते. त्यामुळे हा विषय मला टाळता येत नाही.

शाळांमधून आपण चित्रफिती दाखवतो, काळवंडलेली फुप्फुसे दाखवतो. ते बंद करा असे मी म्हणत नाही. पण या तालुक्यात घरटी एक पेटी किंवा पखवाज वाजवणारा सापडतो आणि गिटार वाजवणारी मुले आता अलीकडेही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून, त्यांच्या भाषेत, त्यांच्या ठेक्यावर या विषयाची गाणी का होऊ नयेत? आपल्या संघटनेने पुढील वर्षी आंतरशालेय गीतस्पर्धा घ्यावी, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. शब्द आणि चाल मुलांचीच असावी. परीक्षकांत डॉक्टर एकच असावा, आणि नशा कशी करतात याचे वर्णन गाण्यात आले नाही ना, एवढेच त्याने पाहावे.