पोटाच्या कॅन्सरचा अंदाज आणि बीडची स्लाइड

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक घोषणा झाली: तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर सेंटर. म्हणजे केमोसाठी बीडच्या पेशंटला दरवेळी संभाजीनगर किंवा मुंबई गाठायला लागू नये. चांगलंच आहे. पण कुणाला कोणतं औषध द्यायचं, हे ठरवणारी तपासणी कुठे होणार?

पोटाचा, म्हणजे जठराचा कॅन्सर घ्या. गाठीत नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात. शरीराच्या बचावाला आलेल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीही आत शिरलेल्या असतात. त्या जास्त असतील तर ऑपरेशननंतर पेशंट सहसा जास्त जगतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. 'सहसा' म्हणायचं कारण, त्यातल्या काही टी पेशी उलट बचावालाच ब्रेक लावतात. नुसता आकडा पुरत नाही, पेशी कोणती आणि गाठीत कुठे आहे हेही बघावं लागतं.

2014 साली अमेरिकेच्या 'कॅन्सर जिनोम अ‍ॅटलस'ने 295 गाठी तपासून या कॅन्सरचे चार प्रकार पाडले. त्यातल्या एका प्रकारात पेशीची डीएनए दुरुस्तीची यंत्रणाच बिघडलेली असते. चुका इतक्या साठतात की शरीराला गाठ परकी म्हणून ओळखता येते आणि लिम्फोसाइट गर्दी करतात. असे पेशंट इम्युनोथेरपीला चांगला प्रतिसाद देतात. आणि 2017 मध्ये ब्रिटनच्या 'मॅजिक' चाचणीचा डेटा पुन्हा तपासला, तेव्हा याच गटात केमो घेतलेल्यांपेक्षा फक्त ऑपरेशन झालेले जास्त जगले होते. गट छोटा होता, पण दुर्लक्ष करावं असं हे नाही.

आता आमच्या धंद्याचा भाग. गुलाबी-जांभळी रंगवलेली स्लाइड अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी रोजचीच. त्यावर लिम्फोसाइट म्हणजे गडद जांभळे, गोल, बारीक ठिपके. 'क्यूपाथ' हे फुकट सॉफ्टवेअर ते मोजून देतं. स्लाइड स्कॅन करणारं मशीन मात्र फुकट नसतं, आणि प्रत्येक लॅबचा रंग थोडा वेगळा. दुसऱ्या देशातल्या स्लाइडवर शिकलेलं मॉडेल इथे तपासून न घेता चालवलं, तर आकडा येईल, पण भरवशाचा नसेल. त्यात एंडोस्कोपीने काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, अख्ख्या गाठीची कहाणी त्यात मावत नाही.

म्हणून माझं मत: बीडमध्ये पहिला पैसा एआयवर नको. डीएनए दुरुस्तीची चार प्रथिनं शाबूत आहेत का, हे स्लाइडवर वेगळा रंग देऊन कळतं. पेशी मोजून शक्यता कळते, या तपासणीने उपचार बदलू शकतो. आणि त्यासाठी पेशंटने प्रवास करायची गरज नाही. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात असतो, तो कुरिअरने जातो.